चूक सापडण्याची सोय



मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत संशोधनपद्धती हा विषय बहुतेक ठिकाणी दोन कप्प्यांत शिकवला जातो. एका कप्प्यात नमुना निवड, सहसंबंध, प्रसरण विश्लेषण आणि सार्थकतेच्या कसोट्या असतात. दुसऱ्यात मुलाखत, निरीक्षण, व्यक्तिअभ्यास आणि आशयविश्लेषण. लघुप्रबंधाची वेळ आली की विद्यार्थी यांपैकी एका कप्प्यात जाऊन बसतो, आणि पुष्कळदा ही निवड प्रश्न पाहून होत नाही, स्वभाव पाहून होते. ज्याला आकड्यांची धास्ती वाटते तो मुलाखतींकडे वळतो. ज्याला अनोळखी माणसाशी तासभर बोलण्याचा संकोच वाटतो तो तयार प्रश्नावली वाटून मोकळा होतो. पुढे हेच विद्यार्थी शिक्षक होतात आणि आपापल्या कप्प्याचे समर्थन करू लागतात. आज मला जे मांडायचे आहे ते या सवयीच्या विरोधात आहे. संशोधनपद्धती शिकणे म्हणजे तंत्रांची यादी पाठ करणे नव्हे; आपले म्हणणे चुकीचे असेल तर ते उघडकीला यावे अशी व्यवस्था आधीच करून ठेवायला शिकणे, हे तिचे मर्म आहे. माणूस आपल्या लाडक्या कल्पनेला अनेक प्रकारे फसतो. त्यातल्या काही फसगती मोजणीने पकडल्या जातात आणि काही जवळून, धीराने ऐकल्यानेच पकडल्या जातात. म्हणून एकच पद्धत शिकलेला विद्यार्थी अर्धा शिकलेला नसतो. अर्ध्या चुकांबाबत तो पूर्ण आंधळा असतो.

ही फाळणी मानसशास्त्राच्या जन्मापासूनची आहे असा एक समज आहे. तो खरा नाही. विल्हेल्म वुंट यांनी 1879 साली लाइपझिग येथे प्रयोगशाळा उभी केली, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात असते. त्याच वुंट यांचे मत असे होते की संवेदना, प्रतिक्रियाकाल अशा साध्या प्रक्रियाच प्रयोगशाळेत नीट तपासता येतात. भाषा, पुराणकथा, रूढी यांतून प्रकट होणाऱ्या उच्च मानसिक प्रक्रियांसाठी वेगळ्या अभ्यासाची गरज आहे. त्या अभ्यासावर त्यांनी 1900 ते 1920 या काळात दहा खंड लिहिले. पाठ्यपुस्तकांनी प्रयोगशाळा ठेवली आणि दहा खंड गाळले. ज्याला आपण आद्य प्रयोगकर्ता म्हणतो त्याने आयुष्याची अखेरची वीस वर्षे कशावर खर्च केली हे विद्यार्थ्याला कळले, तरी ‘खरे शास्त्र कोणते’ हा वाद बराच सौम्य होईल.

परंतु केवळ पूर्वसूरींचा दाखला देऊन माझा मुद्दा सिद्ध होत नाही. त्यासाठी एका सिद्धांताचे चरित्र पाहू. लिऑन फेस्टिंगर यांचा बोधात्मक विसंगतीचा सिद्धांत मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नसल्या की माणूस अस्वस्थ होतो आणि ती विसंगती कमी करण्यासाठी आपले मत, आपली समजूत किंवा आपले वागणे बदलतो, असे तो सिद्धांत सांगतो. हा सिद्धांत अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत जन्मला असे आपण गृहीत धरतो. फेस्टिंगर यांनी 1957 च्या आपल्या ग्रंथात मात्र स्पष्ट नोंदवले आहे की पहिला धागा त्यांना बिहारमधल्या अफवांनी दिला.

15 जानेवारी 1934 रोजी बिहार आणि नेपाळ प्रचंड भूकंपाने हादरले. त्यानंतर पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी लोकांत पसरलेल्या अफवा गोळा केल्या आणि त्यांवरचा लेख 1935 साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध केला. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार, नेपाळच्या सीमेकडून पुराचा लोंढा येत आहे, अमुक दिवशी पाटणा शहर नष्ट होणार, असे त्या अफवांचे स्वरूप होते. फेस्टिंगर यांना यात एक गोष्ट खटकली. या अफवा प्रामुख्याने अशा भागातल्या होत्या जिथे धक्का जोराचा जाणवला पण प्रत्यक्ष विध्वंस झाला नव्हता. आधीच घाबरलेली माणसे आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवतील आणि त्यांवर विश्वास का ठेवतील? भीती कमी करणे ही माणसाची स्वाभाविक प्रेरणा मानली तर हे उलटे दिसते. दुर्गानंद सिन्हा यांनी 1950 च्या दार्जिलिंगमधील भूस्खलनानंतर केलेला अभ्यास 1952 मध्ये प्रसिद्ध झाला होता. तिथे घरेदारे प्रत्यक्ष उद्ध्वस्त झाली होती, पण आणखी भयंकर काही येणार अशा अफवा आढळल्या नाहीत. फेस्टिंगर यांनी या दोन अभ्यासांची सांगड घातली. दार्जिलिंगच्या माणसाला आपल्या भीतीचे कारण डोळ्यांपुढे दिसत होते. पाटण्याच्या माणसाच्या अंगात भीती होती आणि डोळ्यांपुढे सगळे शाबूत होते. त्या विसंगतीला जुळेल असे कारण अफवेने पुरवले. म्हणजे त्या अफवा भीती निर्माण करत नव्हत्या, असलेल्या भीतीचे समर्थन करत होत्या.

हा धागा सुटा काढता आला याचे कारण प्रसाद आणि सिन्हा या दोघांनी लोक काय बोलत होते ते लोकांच्या तपशिलासह नोंदवले होते. ‘तुम्हाला किती भीती वाटते, एक ते पाच यांत सांगा’ अशी श्रेणी घेऊन कोणी गेले असते, तर दोन्ही ठिकाणी भीती जास्त, एवढेच कळले असते. भीतीचा आशय काय, ती कशाकडे बोट दाखवते, हे हाती लागले नसते. गुणात्मक नोंदीचे सामर्थ्य इथे दिसते : जो प्रश्न विचारायचे आपल्याला सुचलेले नसते त्याचे उत्तर ती नोंद जपून ठेवते. मात्र याच जागी तिची मर्यादाही दिसते आणि विद्यार्थ्याला ती तितक्याच स्पष्टपणे दाखवली पाहिजे. दोन संकटे वेगळी, दोन प्रदेश वेगळे, सोळा वर्षांचे अंतर, दोन संशोधक, नोंदी घेण्याच्या दोन रीती. भूकंप पुन्हा होऊ शकतो ही समजूत आणि दरड पुन्हा कोसळेल ही समजूत यांत मुळातच फरक असू शकतो. वर्तमानपत्रे कुठे किती पोचत होती, यानेही अफवांचे रूप बदलले असेल. या तुलनेतून कारण सिद्ध होत नाही, कारण सुचते. सुचणे ही लहान गोष्ट नव्हे. विज्ञानातला तो सर्वांत कठीण भाग आहे. पण त्याला सिद्धी म्हणता येत नाही.

यानंतर फेस्टिंगर, हेन्री रीकन आणि स्टॅन्ली शॅक्टर यांनी सहभागी निरीक्षणाचा मार्ग घेतला. 21 डिसेंबर 1954 रोजी प्रलय होणार असे मानणारा एक छोटा गट शिकागोजवळ होता. संशोधक आणि त्यांचे निरीक्षक श्रद्धाळू असल्याचे भासवून त्यात शिरले. प्रलय आला नाही, आणि 1956 च्या ग्रंथात त्यांनी सांगितले की भाकीत खोटे ठरल्यावर गटाने श्रद्धा सोडण्याऐवजी प्रचाराला जोर चढवला. अनेक दशके हा ग्रंथ आदर्श क्षेत्रअभ्यास म्हणून वाचला गेला. पण त्यावर सुरुवातीपासून एक गंभीर आक्षेप होता. इतक्या लहान गटात भाकिताला होकार देणारे इतके नवे चेहरे आले, तर गटाची श्रद्धा त्या चेहऱ्यांमुळेच बळावली नसेल कशावरून? 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मूळ कागदपत्रांवर आधारलेल्या लेखाने हा आक्षेप आणखी तीव्र केला आहे : निरीक्षकांनी गटाच्या कारभारात सक्रिय ढवळाढवळ केली आणि निष्कर्षाला न जुळणारी माहिती ग्रंथात मागे राहिली, असे त्याचे म्हणणे आहे. इथे लक्षात घ्या, ही चूक संख्या न वापरल्याची नाही. गुणात्मक पद्धतीचे स्वतःचे जे कडक नियम आहेत ते न पाळल्याची आहे. निरीक्षकाने आपल्या उपस्थितीचा परिणाम नोंदवावा, विरोधी जाणारे उदाहरण मुद्दाम शोधावे, क्षेत्रनोंदी इतरांना तपासता येतील अशा ठेवाव्यात. नोंदी शिल्लक राहिल्या म्हणूनच सत्तर वर्षांनी कोणी तरी त्या उघडून ग्रंथाशी ताडून पाहू शकले.

आता प्रयोगाकडे येऊ, आणि इथे थोडे रेंगाळू, कारण 1959 चा फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांचा प्रयोग वर्गात नेहमी दोन वाक्यांत उरकला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या 71 विद्यार्थ्यांना, सगळे पुरुष, तासभर अत्यंत कंटाळवाणे काम दिले गेले : ताटात रिळे भरायची आणि रिकामी करायची, फळीवरच्या खुंट्या पाव पाव वळणाने फिरवायच्या. मग काहींना सांगितले, की बाहेर बसलेल्या मुलीला ‘काम फार मजेशीर आहे’ असे सांगा. त्यासाठी काहींना एक डॉलर दिला, काहींना वीस. शेवटी उणे पाच ते अधिक पाच या श्रेणीवर काम किती आनंददायक वाटले ते विचारले. खोटे बोलायला न लावलेल्या गटाची सरासरी उणे 0.45, वीस डॉलरवाल्यांची उणे 0.05, आणि एक डॉलरवाल्यांची अधिक 1.35 आली. कमी मोबदल्यात खोटे बोललेल्यांना स्वतःच्या खोटे बोलण्याला पुरेसे कारण सापडेना, म्हणून त्यांनी मतच बदलले, असा अर्थ लावला गेला. पाटणा-दार्जिलिंग तुलनेत जे शक्य नव्हते ते इथे झाले. कोणाला एक आणि कोणाला वीस हे यदृच्छेने ठरले, त्यामुळे दोन गटांतला फरक माणसांच्या स्वभावभेदाने आला असे म्हणणे अवघड झाले. मोजणीची खरी शक्ती ही आहे. ती दशांशचिन्हात नसते, पर्यायी स्पष्टीकरणांची दारे आधीच बंद करण्यात असते.

पण मूळ लेख उघडून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला आणखी काही दिसते. 71 पैकी 11 जण विविध कारणांनी वगळले गेले; काहींना संशय आला होता, काहींनी सांगितलेले केले नाही. प्रत्येक गटात 20 उरले. प्रश्न चार विचारले होते. स्पष्ट, भक्कम फरक फक्त आनंदाच्या प्रश्नावर मिळाला. आणि पाठ्यपुस्तके जी गोष्ट हटकून गाळतात ती म्हणजे, विद्यार्थी आणि ती मुलगी यांचे संभाषण ध्वनिमुद्रित केले होते आणि दोन परीक्षकांनी ते स्वतंत्रपणे ऐकून त्याचे मूल्यांकन केले होते. एक डॉलरवाल्यांनी अधिक जीव तोडून मुलीला पटवले असेल आणि त्या भरात त्यांना स्वतःलाच ते पटले असेल, अशी शंका कोणी काढली तर तिचे उत्तर असावे म्हणून. म्हणजे संख्यात्मक मानसशास्त्राचा मानदंड मानल्या गेलेल्या प्रयोगाच्या पोटातही माणसांचे बोलणे ऐकून त्याचा अर्थ लावण्याचे काम होते. आपल्या अभ्यासक्रमाने पाडलेले दोन कप्पे या लेखाला माहीतच नव्हते.

पुढचे वळण फार बोलके आहे. 1967 साली डॅरिल बेम यांनी सुचवले की यात विसंगतीची अस्वस्थता मानायचीच गरज नाही. इतरांचे वागणे पाहून आपण जसा त्यांच्या मताचा अंदाज करतो, तसाच स्वतःचे वागणे पाहून स्वतःच्या मताचाही करतो. आकडे तेच, स्पष्टीकरण वेगळे. प्रयोगाने पर्याय बंद केले असे आपण म्हणतो, तेव्हा सुचलेलेच पर्याय बंद झालेले असतात. याच बेम यांनी 2011 मध्ये नऊ प्रयोगांच्या आधारे असा दावा केला की पुढे घडणाऱ्या घटनांचा परिणाम माणसाच्या आत्ताच्या प्रतिसादावर होतो. लेख नामांकित नियतकालिकात छापला गेला, कारण रूढ सांख्यिकीय निकष त्याने पाळले होते. निष्कर्ष अशक्य आणि पद्धत रूढ, हा पेच पडला तेव्हा अनेकांना पद्धतीकडेच पुन्हा पाहावे लागले. त्याच वर्षी सिमन्स, नेल्सन आणि सिमन्सन यांनी खऱ्या माहितीवर, त्या काळी सर्रास चालणाऱ्या सवलती घेऊन, बीटल्सचे एक गाणे ऐकल्याने माणसाचे वय सुमारे दीड वर्षाने कमी होते असे ‘सिद्ध’ करून दाखवले. एकही आकडा बनावट नव्हता. फक्त कोणते चल घ्यायचे, कधी थांबायचे, काय छापायचे, हे निकाल पाहून ठरवले होते. 2015 मध्ये शंभर अभ्यासांची पुनरावृत्ती झाली; मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत निकाल सार्थक होते, पुनरावृत्तीत 36 टक्क्यांत. आणि 2024 मध्ये 19 देशांतल्या 39 प्रयोगशाळांनी 4,898 सहभागींवर विसंगती सिद्धांताची एक प्रस्थापित चाचणी घेतली. तिच्यात स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहायचा होता. निवडीचे स्वातंत्र्य दिलेल्यांचे मत न दिलेल्यांपेक्षा जास्त बदलावे, ही सिद्धांताची कळीची अपेक्षा तिथे खरी ठरली नाही. मात्र मताविरुद्ध लिहिणाऱ्या दोन्ही गटांचे मत तटस्थ विषयावर लिहिणाऱ्यांपेक्षा वेगळे निघाले. काही तरी घडते आहे, पण आपण समजत होतो ते नव्हे.

कोणी म्हणेल, मग एवढे शिकून काय उपयोग? नव्वद वर्षांचा हिशेब करून हाती शंकाच येणार असेल तर विद्यार्थ्याने विश्वास कशावर ठेवायचा? या आक्षेपात तळमळ आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. 2024 चा निकाल ही पद्धतीची हार नाही. आधी जाहीर केलेला आराखडा, पुरेशी मोठी संख्या, निकाल काहीही आला तरी प्रसिद्ध करण्याची बांधिलकी, या तीन गोष्टींमुळे जी चूक चाळीस-पन्नास वर्षे दिसली नाही ती दिसली. ज्ञान पुढे गेले. विद्यार्थ्याला हेच शिकवायला हवे, आणि सार्थकतेची कसोटी संगणकाकडून करून घेणे म्हणजे संख्यात्मक पद्धत शिकणे, या समजुतीतून त्याला बाहेर काढायला हवे. पी-मूल्य 0.05 पेक्षा कमी आले म्हणजे आपली परिकल्पना खरी असण्याची शक्यता 95 टक्के, असे प्रबंधांच्या तोंडी परीक्षांत आत्मविश्वासाने सांगितले जाते. ते चूक आहे. ते मूल्य एवढेच सांगते की खरा फरक मुळीच नसता, तरी इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने किती वेळा दिसला असता. आणि कोणताही खरा परिणाम नसताना वीस स्वतंत्र कसोट्या घेतल्या तर निदान एक तरी ‘सार्थक’ निघण्याची शक्यता 64 टक्के असते. हे गणित बारावीच्या संभाव्यतेत बसते. ते फळ्यावर एकदा मांडले तर विद्यार्थी आयुष्यभर विसरत नाही. सॉफ्टवेअरचा मेन्यू मात्र दर दोन वर्षांनी बदलतो.

दुसरा आक्षेप तात्त्विक आहे आणि अधिक वजनदार आहे. संख्यात्मक पद्धत जग एकच, मोजता येणारे असे मानते. गुणात्मक पद्धत अर्थ माणसामाणसांत घडतो असे मानते. दोन तत्त्वज्ञाने एका अभ्यासात नांदतील कशी? यातला एक भाग मला मान्य आहे. एखाद्या बाईने विधवापणाचा अनुभव कसा जगला, हे समजून घेणाऱ्या अभ्यासाला ‘नमुना किती’ असे विचारणे अप्रस्तुत आहे. तो अभ्यास कारणाचा दावा करत नाही आणि त्याचे मोल त्या अनुभवाच्या खोलीत आहे. पण संशोधक जेव्हा लिहितो की ‘सासरच्या पाठिंब्यामुळे बायका लवकर सावरतात’, तेव्हा तो कारणाचा आणि सर्वसाधारणपणाचा दावा करतो, मग त्याचे तत्त्वज्ञान कोणतेही असो. त्या वाक्याला तुलनेची आणि मोजणीची जबाबदारी घ्यावीच लागते. उलट बाजूने, ज्याने आत्मसन्मानाची श्रेणी वापरली त्याने ‘ही विधाने उत्तर देणाऱ्याला काय वाटली’ हा अर्थाचा प्रश्न आधीच निकालात काढलेला असतो, पुष्कळदा नकळत. तत्त्वज्ञानांतला वाद खरा आहे, पण तो पद्धतींच्या सीमारेषेवर नसतो, वाक्यावाक्यांत असतो. विद्यार्थ्याने आपले प्रत्येक वाक्य कोणता दावा करते हे ओळखायला शिकावे.

तिसरा आक्षेप अनुभवी प्राध्यापकांकडून येतो : गुणात्मक संशोधन ही पळवाट झाली आहे. आठ मुलाखती, चार संकल्पना, मध्ये मध्ये उद्गार, आणि प्रबंध तयार. ही तक्रार खोटी नाही. वाईट गुणात्मक काम भरपूर होते, जसे वाईट संख्यात्मक कामही होते. पण उपाय ते बंद करणे नव्हे, त्याची शिस्त शिकवणे आहे. तासाभराच्या मुलाखतीचे शब्दशः लेखन करायला अनेक तास लागतात. मग ओळ न् ओळ वाचून संकेतन करायचे, ते पुन्हा मोडायचे, आपल्या मांडणीला छेद देणारी मुलाखत बाजूला न सारता तिच्यावर सर्वांत जास्त वेळ द्यायचा. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी 2006 च्या आपल्या लेखात बजावले आहे की संकल्पना सामग्रीतून आपोआप वर येत नाहीत, संशोधक त्या घडवतो आणि म्हणून त्याने त्या कशा घडवल्या याचा हिशेब द्यावा. आठ माणसांवरून सर्वसाधारण विधान कसे करता, हा प्रश्न योग्य आहे. तोच संख्यावाल्यांनाही विचारायला हवा. जेफ्री आर्नेट यांनी 2008 मध्ये दाखवले की अमेरिकेतल्या सहा आघाडीच्या मानसशास्त्रीय नियतकालिकांत 2003 ते 2007 या काळात वापरलेल्या नमुन्यांपैकी 96 टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते, जिथे जगाची जेमतेम 12 टक्के लोकसंख्या राहते. स्टॅनफर्डच्या 71 मुलांवरून ‘माणूस’ असा शब्द लिहिताना जो धीटपणा दाखवला गेला, तो पाटण्यातल्या शेकडोंच्या बोलण्यावरून लिहिणाऱ्याला कोणी सहज दिला नसता. याची खंत मला वाटते आणि ती मी लपवत नाही.

आपल्या भागात हा प्रश्न जुना आहे. बिने-सायमन कसोटीची स्टॅनफर्ड आवृत्ती व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडात 1930 च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतरित केली. ते काम निव्वळ भाषांतराचे नव्हते. कोणत्या वयाच्या मुलाला कोणता प्रश्न सुटतो हे इथल्या मुलांवर नव्याने पडताळावे लागते. अधिक अलीकडचे आणि माझ्या मते आदर्श उदाहरण गोव्याचे आहे. ‘संगत’ या संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या ‘मानस’ चाचणीत नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना प्रशिक्षित पण बिगरतज्ज्ञ समुपदेशकांकडून मदत दिली गेली. चाचणीआधी रुग्ण, डॉक्टर, कर्मचारी यांच्याशी दीर्घ बोलणी झाली. उपचाराचे स्वरूप आणि तो कोणत्या भाषेत समजवायचा हे त्यांतून ठरले. मग 24 आरोग्यसुविधांत, 2,796 सहभागींवर, यदृच्छ वाटपाने तो उपचार तपासला आणि 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ने निकाल छापला. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी समुपदेशन गटातले 65.9 टक्के रुग्ण बरे झाले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटातले 42.5 टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. तिथे नेहमीचे उपचार घेणारेही जवळपास तितक्याच प्रमाणात बरे होत होते. आधीची बोलणी नसती तर उपचार लोकांनी स्वीकारला असता याची खात्री नव्हती. यदृच्छ तुलना नसती तर खाजगी दवाखान्यांतली सुधारणाही समुपदेशनाच्या खात्यावर जमा झाली असती आणि कोणालाच ती चूक कळली नसती. आणि तो फरक का नव्हता, डॉक्टर-रुग्णाच्या जुन्या ओळखीमुळे की आणखी कशाने, हे विचारायला पुन्हा माणसांपाशीच जावे लागते.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा : दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात हे सगळे बसवायचे कुठे? एका विद्यार्थ्याच्या लघुप्रबंधात ते बसत नाही, हे मी मान्य करतो. मध्यम आकाराचा फरक पकडण्याची शक्यता 80 टक्के असावी असे वाटत असेल तर प्रत्येक गटात 64 माणसे लागतात. आपले बहुतेक लघुप्रबंध तीस-तीसच्या दोन गटांवर उभे असतात, आणि तिथे असा फरक खरोखर असला तरी तो निसटण्याचीच शक्यता निम्म्याहून जास्त असते. वर्षानुवर्षे हजारो विद्यार्थ्यांचे श्रम अशा रीतीने वाया जाणे मला अस्वस्थ करते. त्यावर तोडगा आहे आणि त्याला खर्च नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या दहा विभागांनी मिळून दरवर्षी एकच प्रश्न घ्यावा. आराखडा जूनमध्ये एकत्र लिहावा, आणि कोणता निकाल आल्यास आपण आपले म्हणणे सोडून देऊ हे त्यातच नोंदवून तो सार्वजनिक करावा. प्रत्येक विभागाने साठ सहभागी जमवले तर सहाशे होतात. त्यांतल्या प्रत्येक विभागातल्या चौघांच्या सविस्तर मुलाखती घ्याव्यात, म्हणजे चाळीस. आणि एका विभागाच्या मुलाखतींचे संकेतन दुसऱ्या विभागाने, निकाल न पाहता करावे. प्रत्येक विद्यार्थ्याला मोजणीही करावी लागेल आणि ऐकावेही लागेल, आणि त्याचे काम दुसऱ्या गावातला कोणी तरी तपासेल. पहिल्या वर्षासाठी मी 2024 ची तीच चाचणी सुचवतो : मताविरुद्ध निबंध, मराठीत, इथल्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींकडून. निवड दिली आणि न दिली यांतला फरक आकडे सांगतील. पण आपल्याकडे प्राध्यापकांनी ‘लिहायचे की नाही ते तुम्ही ठरवा’ असे म्हटल्यावर त्या मुलांना खरोखर निवड मिळाल्यासारखे वाटते का, हे निबंध जमा केल्यानंतर त्यांच्याशेजारी बसून विचारावे लागेल, आणि त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावी लागतील.